राखलेला तास

मराठी लेखकाचं वर्ष आषाढात सुरू होतं. पेरण्या उरकलेल्या असतात, शाळा भरून महिना झालेला असतो, आणि एखाद्या सकाळी दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप येतो. कथा हवी, ऑगस्टअखेर पाठवा, अडीच-तीन हजार शब्दांत बसवा. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता मोबाइलवर चार ओळी येतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची रीत आपल्याकडे पडली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती मोडलेली नाही. सणासुदीला कपडे आणि मिठाईबरोबर कथा-कविताही विकत घेणाऱ्या आपल्या समाजाचा मला अभिमान वाटतो. त्या निरोपाची मी दरवर्षी वाट पाहते. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज यांत वर्ष सरतं, आणि वर्षातून एकदा कुणीतरी लेखक म्हणून आपली आठवण काढतं.

पैशाचं बोलायला लेखक कचरतात. त्यांनी कचरू नये. बऱ्याच दिवाळी अंकांचं मानधन म्हणजे अंकाची भेटप्रत. पुस्तकाचं म्हणाल, तर तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती धरा. दहा टक्क्यांनी हिशेब केला तर शेवटची प्रत खपल्यावर लेखकाच्या हाती पंधरा हजार रुपये पडतात, आणि ती प्रत खपायला काही वर्षं जातात. पुस्तक काढायचं तर पैसे तुम्हीच भरा, असं लेखकाला सांगणारे प्रकाशकही आहेत. मलाही एकाने तसं सांगितलं होतं. मी हस्तलिखित पिशवीत घातलं आणि पुढच्या एसटीने घरी आले.

तेव्हा मराठीत लेखक म्हणजे नोकरी करून लिहिणारा माणूस. आपल्या वाङ्मयाचा बराच भाग अशाच माणसांनी उभा केला आहे. मर्ढेकर आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला आणि विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजी शिकवत. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार होते. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून राबले आणि पुढे शिकून शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आलं, तेव्हा त्या कवितेला गिरणीच्या भोंग्याची वेळ पाठ होती. पोटासाठी केलेल्या कामाने या माणसांना नुसता पगार दिला नाही. लोक कसे बोलतात, कशासाठी भांडतात, कशापुढे गप्प होतात, हे त्यांना तिथे कळलं. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. मी शिक्षिका झाल्यावर ती पुन्हा वाचली तेव्हा मास्तराची सगळी अडचण ओळखीची वाटली. पोरं शाळेत बसवायची म्हणजे आधी वस्तीचा विश्वास कमवायचा, आणि तो कमवता कमवता मास्तर वस्तीचाच होऊन जातो.

नोकरी एक गोष्ट मात्र देत नाही. ती म्हणजे सलग वेळ. माझा तास पहाटेचा आहे. घरात सासूबाई सगळ्यांत आधी उठतात. त्यांच्या चहाआधी मी उठले तर तो तास माझा. टँकर यायचा दिवस असेल तर तोही जातो, कारण ड्रम रिकामे करून दारात लावायचे असतात. परीक्षा संपल्या की पुरवण्यांचे उरलेले कोरे कागद शाळेत कुणाला नको असतात. ते शिवून मी वह्या करते. त्यांच्या कडेला लाल समासाची रेघ असते. मी त्या रेघेच्या आत कथा लिहिते आणि बाहेर स्वतःला प्रश्न विचारते. लिहायला सुचत नाही, अशी तक्रार मी कधी केली नाही. सुचतं पुष्कळ. सुचलेलं कागदावर उतरेपर्यंत घर जागं होतं, डब्याची वेळ होते, आणि अर्धं वाक्य तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या वाक्याकडे परत जायचं असतं. लेखक म्हणवून घेण्याचा हक्क मला तिथे मिळतो, असं मी मानते. ज्याला एकदा सुचलं त्याला लेखक म्हणत नाहीत. जो दुसऱ्या दिवशी परत बसतो त्याला म्हणतात.

परत बसून काय करायचं, हे एका कथेवरून सांगते.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. त्या जोडीला इकडे 'कोयता'च म्हणतात. अमक्याचे दोन कोयते गेले म्हणजे चार माणसं गेली. त्यांच्याबरोबर मुलं जातात. मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं आजीजवळ राहतात. पण पाठचं भावंड लहान असेल तर त्याला सांभाळायला मोठी बहीण न्यावीच लागते. माझ्या वर्गातली चौथीतली एक मुलगी अशीच निघाली होती. ट्रक येणार त्याच्या आदल्या दुपारी ती टेबलाशी आली, छातीशी धरलेली पुस्तकं पुढे केली आणि म्हणाली, "मॅडम, ठेवू का नेऊ?"

त्या दिवशी रात्री मी वही काढली. पहिलं वाक्य झटकन आलं : मुलीचे डोळे पाण्याने डबडबले होते. वाक्य चांगलं लयीत होतं. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालणारं होतं. अडचण एवढीच होती, की मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते, मला ठाऊक होतं. ते पाणी शंभर कथांतून वाहत माझ्या वहीपर्यंत आलं होतं. मी ते वाक्य खोडलं. पुढचं लिहिलं : तिच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. तेही खोडलं, कारण भाव होता. फक्त त्याचं नाव मला येत नव्हतं. असे कितीतरी दिवस गेले. समासाबाहेर मी एकच प्रश्न लिहून ठेवला होता : ती विचारते कशी?

उत्तर तिच्या घरी मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी मी त्या वस्तीवर गेले होते. अंगणात दोन ढीग होते. एकात ज्वारीचं पोतं, पातेली, तवा, गोधड्या, दोन कोयते आणि घासलेटचा डबा. दुसऱ्यात पाटा, देवाची फोटो-फ्रेम, लग्नातला शालू गुंडाळलेलं गाठोडं. आई एकेक वस्तू उचलत होती आणि घरातल्या म्हातारीला विचारत होती, "हे ठेवू का नेऊ?" म्हातारी उंबऱ्यावरून सांगत होती, ठेव, ने, ठेव. चार-पाच दिवस त्या घरात हाच एक प्रश्न चालू होता. मुलीने शाळेची पुस्तकं त्याच प्रश्नात आणून ठेवली होती. तिच्या लेखी घर आणि शाळा यांत फरक नव्हता. दोन्हींतलं काही ट्रकमध्ये बसणार होतं आणि काही मागे राहणार होतं. हे मी पाहिलं होतं, पण लिहायला बसेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. मग कथेत मी दोन ढीग लिहिले, म्हातारी लिहिली, आणि शेवटी टेबलाशी आलेली मुलगी. डोळ्यांविषयी एक अक्षर लिहिलं नाही.

मला लेखनातला खरा झगडा हा वाटतो. पैसा, प्रसिद्धी, पुरस्कार यांच्यासाठीची ओढाताण खोटी नाही, ती मीही करते. पण ती कागदाबाहेरची आहे. कागदावर लेखकाला रोज छळतं ते आयतं वाक्य. ते सुरेख असतं, ओळखीचं असतं, वाचकाला आवडेल याची त्यात हमी असते. ते ठेवलं तर कथा त्याच दिवशी पुरी होते. ते खोडलं तर पुढचा आठवडा हातात काही नसतं. घरचे विचारतात, झाली का गोष्ट? त्यांना काय सांगायचं? एक वाक्य काढून टाकलं, एवढंच आठवड्याचं काम झालेलं असतं, आणि ते काम कुठल्याच हजेरीपटावर लागत नाही.

पूर्वी या कामात लेखकाला सोबत होती. 'मौज' आणि 'सत्यकथा' गिरगावच्या खटाववाडीतून निघत. त्यांचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांविषयी, कथा परत करताना सुचवलेल्या बदलांविषयी कितीतरी लेखकांनी कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे. त्यांची आवड-नावड सगळ्यांना मान्य नव्हती, त्यांच्याविरुद्ध तरुणांनी बंडही केलं. तरी एखाद्या नवख्याची कथा कुणीतरी ओळ न् ओळ वाचतं आणि हे वाक्य तुमचं वाटत नाही असं कळवतं, ही केवढी मोठी गोष्ट होती. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. आज दिवाळी अंकाच्या संपादकांना एकट्याने जाहिराती मिळवायच्या असतात, मुद्रितं तपासायची असतात, टपाल बघायचं असतं. ते लेखकाशी वाक्यावर बोलणार कधी? माझी ही कथा मी एका अंकाला पाठवली, तेव्हा फोन आला की शेवट थोडा हळवा करा, वाचकांना डोळे पुसावेसे वाटले पाहिजेत. मी नम्रपणे नाही म्हटलं. कथा त्या वर्षी राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात आली, होती तशी.

टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुलगी परत आली, उंच झाली होती. पुस्तकं तिने नेली होती आणि ती परत आणली होती. अंक घेऊन मी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला कथा वाचून दाखवली. हे मला करायचंच होतं. ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या तोंडावर जे वाचता येत नाही ते छापू नये, असं मला वाटतं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मध्ये एकदा हसली, म्हातारीचं बोलणं आलं तेव्हा. संपल्यावर थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "खरं लिव्हलंय मॅडम. पण तिकडचं कायच न्हाई."

तिकडचं म्हणजे उसाच्या फडातलं. पाचटाने कापलेले हात, पहाटे तीनला भरायची गाडी, कोपीत एकट्या ठेवलेल्या पोरी, अंगावर आलेला दिवस लपवून उचललेली मोळी. मी ते ऐकलेलं आहे, वाचलेलं आहे. मी ते लिहूही शकले असते. पण माझी कथा ट्रक निघतो तिथे संपते, कारण माझी नजर तिथपर्यंतच जाते. त्यापुढचं तिने लिहावं. आणि ती लिहू शकत नाही याचं कारण अक्षरओळख हे नाही. सातवीपर्यंत शिकलेली आहे ती. तिच्याकडे तास नाही.

आपल्या वाङ्मयात 'तिकडचं' जेव्हा जेव्हा आलं, तेव्हा कुणीतरी हा तास कुठून तरी ओढून काढलेला होता. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. शाळेत ते दीड दिवस गेले असं सांगतात. मुंबईत मिळेल ते काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं, आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. बेबी कांबळे फलटणला किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली, आणि दुकानात बसल्या बसल्या त्या लिहू लागल्या. ते लिखाण त्यांनी घरच्यांपासून आणि नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं, हे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. गिऱ्हाईक आलं की वही खाली, गिऱ्हाईक गेलं की वही वर. एका अख्ख्या समाजाच्या बायकांचं जिणं मराठीत आलं ते अशा मधल्या वेळात.

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचत राहिल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून त्यातलं काही टिपलं गेलं. त्या १९५१ साली गेल्या, आणि आचार्य अत्र्यांमुळे 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने निघाली ती १९५२ साली. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते अशा बायकांचं काय झालं असेल? खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात अशा जात्यांवर किती कविता दळून गेल्या असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लिहिता-वाचता आलं ते लग्नानंतर. त्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली आला, म्हणजे साठी उलटून गेल्यावर. पती रेव्हरंड टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत आलं, हे आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो. ती वर्षं त्यांना मिळाली नसती तर?

आपल्याकडची काही मोठी पुस्तकं तुरुंगात लिहिली गेली. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेत १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहून काढली. त्या माणसांची विद्वत्ता, तळमळ, भोगलेले हाल यांपुढे मी नतमस्तक आहे. तरीही मनात येतं, की तुरुंगाने त्यांचं सगळं काढून घेतलं आणि एक वस्तू त्यांच्याकडे ठेवली, ती म्हणजे सलग वेळ. ज्या घरात बाईला तेवढाही वेळ कधी मिळाला नाही, त्या घराला आपण काय म्हणायचं?

म्हणून लेखकाच्या हालअपेष्टांविषयी बोलताना मी एकट्या लेखकाविषयी बोलत नाही. लिहिण्याचा प्रत्येक तास कुणीतरी कुणाला तरी दिलेला असतो. माझा पहाटेचा तास सासूबाईंनी दिला. मी लिहीत असले की त्या चहा उशिरा मागतात. त्या असं कधी बोलून दाखवत नाहीत, पण उठल्यावर अंथरुणावर तशाच बसून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. जुन्या पुरुष लेखकांच्या आठवणी वाचा. बैठकीची खोली, दार लावून घेतलेलं, आणि दाराबाहेर मुलांना गप्प बसवणारी बायको. त्या बायकोचंही एखादं पुस्तक होतं का, हे विचारायला आता उशीर झाला आहे. आजच्या घरांना विचारायला झालेला नाही.

नवीन लिहिणाऱ्या मुली शाळेत, साहित्य मेळाव्यात मला भेटतात आणि विचारतात, लेखक व्हायचं तर काय करू? मी त्यांना दोनच गोष्टी सांगते. दिवसातला एक तास राखा, आणि त्यासाठी भांडायची वेळ आली तर भांडा. आणि त्या तासात जे पाहिलं नाही ते लिहू नका, कितीही सुंदर जमत असलं तरी. कुठल्या अंकात छापून येतं, कोणता पुरस्कार मिळतो, हे नंतरचं आहे आणि बरंचसं नशिबाचं आहे. या दोन मात्र आपल्या हातातल्या आहेत.

वाचकांनाही एक सांगायचं आहे. पुस्तक विकत घ्या, दिवाळी अंक विकत घ्या, त्यावर लेखकाचं आणि प्रकाशकाचं चालतं. पण त्याहून मोठं काम तुमच्या घरात आहे. आई, बायको, सून, मुलगी, घरातली कुणीही बाई वही घेऊन बसलेली दिसली, तर पाणी स्वतः घ्या, दार स्वतः उघडा, दूधवाल्याचा हिशेब स्वतः करा, आणि तिला तासभर हाक मारू नका. मराठीत अजून पुष्कळ लिहायचं राहिलं आहे, आणि ते तिला माहीत आहे.